बेचाळीस ठिकाणं, तीन दिवस आणि फ्लॉरेन्स

पत्र : मी कोल्हापूरची. आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे आणि सध्या एका सेमिस्टरसाठी एक्स्चेंजवर मिलानला आले आहे. नोव्हेंबरच्या शेवटी दोन मैत्रिणींबरोबर तीन दिवस फ्लॉरेन्सला जायचं ठरलंय. सरांनी दिलेली, सीनियर्सनी सांगितलेली आणि यूट्यूबवरून उतरवलेली अशी मिळून बेचाळीस ठिकाणांची यादी झाली आहे. पिसाही एका दिवसात करून येता येतं म्हणतात. पैसे बेताचे आहेत. बाबांनी कर्ज काढून पाठवलंय, त्यामुळे काही सुटलं तर ते वाया गेल्यासारखं वाटेल. आणखी एक खरं सांगते. इथे मोठमोठी चित्रं पाहिली, पण त्यांच्यासमोर उभं राहून मला काहीच वाटत नाही. सगळे भारावतात, मी पाटी वाचून पुढे सरकते. स्केचिंगही कच्चं आहे आणि परत आल्यावर वीस स्केचेस सबमिट करायची आहेत. मैत्रिणींना फोटो आणि खरेदीत रस आहे. काय पाहू, काय सोडू?

उत्तर :

पिसा सोड. म्हणजे एक अख्खा दिवस आत्ताच हाती आला.

आता यादी. तीन दिवसांत बेचाळीस म्हणजे दिवसाला चौदा ठिकाणं. नोव्हेंबरच्या शेवटी तिथे पाचच्या आत अंधार पडतो, आणि बरीच चर्च दुपारी काही तास बंद असतात. चालणं, रांगा आणि पाऊस वजा केलास तर एका इमारतीच्या वाट्याला वीसेक मिनिटं येतील. तेवढ्यात फक्त फोटो होतो. कर्जाची काळजी मला कळते, पण ठिकाणं मोजून ते कर्ज फिटणार नाही. चार इमारती तुला प्लॅन-सेक्शनसकट पाठ झाल्या, पुढे स्वतःच्या कामात त्यांतलं काही वापरता आलं, तर ते पैसे वसूल झाले म्हणायचे.

मी तुझ्या जागी असते तर एकाच माणसाचा पिच्छा पुरवला असता, पंधराव्या शतकातल्या फिलिप्पो ब्रुनेलेस्की या आर्किटेक्टचा. त्याची बहुतेक महत्त्वाची कामं याच शहरात आहेत आणि एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. शिक्षणाने तो सोनार. पण त्याच्या एकेका इमारतीत जाऊन आलीस की पुढचीत काय बघायचं ते तुला न सांगता कळायला लागतं. यादीतल्या ठिकाणांना असा आपसात काही धागाच नसतो, म्हणून त्यांचा थकवा येतो.

सुरुवात दुओमोपासून, म्हणजे शहराच्या मुख्य चर्चपासून, करू नकोस. सगळे तिथूनच करतात आणि मग बाकीचं शहर फिकं वाटतं. सांतिस्सिमा आन्नुन्झियाता नावाच्या चौकात जा. तिथे ओस्पेदाले देल्ली इन्नोचेंती आहे. हे टाकलेल्या बाळांसाठी बांधलेलं अनाथालय. बांधकाम १४१९ मध्ये सुरू झालं आणि १४४५ मध्ये तिथे मुलं घेऊ लागले. समोर कमानींची लांब ओवरी आहे. पहिल्या नजरेत तुला त्यात काही विशेष वाटणार नाही, कारण अशा कमानी नंतर जगभर इतक्या नकलल्या गेल्या की आपल्याला त्या सरकारी इमारतींसारख्या ओळखीच्या झाल्यात. म्हणून बघत बसू नकोस, टेप काढ आणि मोज. स्तंभाची उंची, दोन स्तंभांमधलं अंतर आणि ओवरीची खोली, तिन्ही जवळजवळ सारखी निघतील. तिथलं जुनं माप ब्राच्चो, म्हणजे साधारण ५८ सेंटिमीटर. अशा सुमारे दहा ब्राच्चोंचा हा हिशेब आहे. म्हणजे प्रत्येक खण एक घन, आणि त्यावर अर्धवर्तुळाची कमान. हे एकदा स्वतः मोजून सापडलं की तुला त्या माणसाच्या डोक्याचा पत्ता लागतो. पाऊस असला तरी ओवरीत काम अडत नाही.

कमानींच्या वर निळ्या गोलांत कापडात गुंडाळलेली तान्ही बाळं दिसतील. ती आंद्रेआ देल्ला रोब्बियाची, चकचकीत मुलामा दिलेल्या भाजक्या मातीची, इमारतीनंतर बऱ्याच वर्षांनी बसवलेली. आत संग्रहालय आहे. तिथे आयांनी बाळाबरोबर ठेवलेल्या खुणा जपून ठेवल्यात, तुटकी पदकं, मणी, अर्धी नाणी. उरलेला अर्धा तुकडा आईकडे, पुढे कधी परत न्यायला आली तर ओळख पटावी म्हणून. मोठी चित्रं पाहून काहीच वाटत नाही असं लिहिलंयस ना? या कपाटांसमोर थोडी थांबून बघ. कलाकृतीपुढे भारावून जाणं हे काही परीक्षेतलं कंपल्सरी काम नाही. पण ज्याला नीट कारण आहे, ते माणसाला कळतं.

तिथून सान लोरेन्झो. चर्चचा दर्शनी भाग उघडा, ओबडधोबड आहे. मायकेलअँजेलोने त्याचा आराखडा केला होता, पण संगमरवर कधी चढलाच नाही. लोक नाक मुरडून आत जातात. तू उलट तिथे दहा मिनिटं थांब. शहरातल्या देखण्या संगमरवरी भिंतींच्या मागे काय असतं ते इथे फुकट दिसतं. आणि एक सावधगिरी : दुओमोचा पांढरा-हिरवा-गुलाबी दर्शनी भाग बघून ‘गॉथिक फसाड’ अशी शीट करू नकोस. तो एमिलियो दे फाब्रिसच्या आराखड्यानुसार १८८७ मध्ये पुरा झाला. म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यापेक्षाही तीन वर्षांनी नवा. सांता क्रोचेचाही दर्शनी भाग एकोणिसाव्या शतकातलाच. हे ज्युरीत कुणी विचारलं तर तुझ्याजवळ उत्तर असेल.

सान लोरेन्झोत ब्रुनेलेस्कीची जुनी सॅक्रिस्टी, म्हणजे पूजेचं सामान ठेवायची खोली आहे, एक चौकोनी खोली आणि वर छोटा घुमट. मग सांता क्रोचेच्या आवारात पाझ्झी चॅपल, नदीपलीकडे सांतो स्पिरितो. तिन्हीकडे एकच युक्ती दिसेल. भिंत पांढऱ्या गिलाव्याची आणि जिथे जिथे इमारत ‘काम’ करते, म्हणजे स्तंभ, कमान, पट्टी, कठडा, तिथे करडा दगड, पिएत्रा सेरेना. म्हणजे इमारतीनेच आपलं ड्रॉइंग भिंतीवर काढून ठेवलंय. तुझं स्केचिंग कच्चं आहे ना, मग इथे तुझं काम सोपं आहे. फक्त करड्या रेषा काढ. सावल्या नको, माणसं नको, दगडाचा पोत नको. आणि कोपऱ्यात दोन भिंती मिळतात तिथे त्या करड्या रेषांचं त्याने काय केलंय ते जरूर बघ. कोपरा हा आपल्या धंद्यातला सगळ्यात अवघड भाग, सहाशे वर्षांपूर्वीही होता.

सांतो स्पिरितोत एका जागी उभी राहून बघू नकोस. बाजूच्या वाटेने हळूहळू चालत जा आणि स्तंभ एकामागून एक कसे सरकतात ते बघ. चर्च बाहेरून अगदी साधं आहे. चौकात बसून पोळीएवढ्या पातळ ब्रेडचं सँडविच खाणारी तुझ्या वयाची मुलं दिसतील, तीही पाहण्यासारखीच.

मग दुओमोचा घुमट, तोही ब्रुनेलेस्कीचाच. तू कधीतरी शाळेच्या सहलीत विजापूरला गेली असशीलच, कोल्हापूरच्या मुलांचं ते सुटत नाही. गोल घुमट आतून सुमारे ३८ मीटर रुंद आहे, सतराव्या शतकातला. फ्लॉरेन्सचा त्याच्या दोनशेहून जास्त वर्षं आधीचा, १४२० ते १४३६, आणि आतून सुमारे ४५ मीटर. पण रुंदीपेक्षा मोठा फरक असा की विजापूरच्या कारागिरांनी चौकोनावर गोल बसवायला एकमेकांना छेदणाऱ्या कमानी केल्या आणि त्यावर एकाच जाड कवचाचा घुमट चढवला. ब्रुनेलेस्कीला हातात आधीच बांधलेला अष्टकोन मिळाला होता, खूप उंचीवर, आणि त्यावर काय ठेवायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. एवढ्या रुंदीला आणि उंचीला खालून लाकडी आधार द्यायचा तर तेवढं लाकूड मिळणार कुठून? त्याने आधाराशिवायच बांधला. दोन कवचं, एकात एक, मध्ये माणूस चालेल इतकी पोकळी. दोन्ही कवचांना जोडणाऱ्या बरगड्या. ढकलणाऱ्या जोराला आवळून धरायला दगड आणि लोखंडाच्या साखळ्या. आणि विटा एका विशिष्ट रचनेत : आडव्या थरांत ठरावीक अंतराने उभ्या विटा, माशाच्या काट्यासारख्या चढत जाणाऱ्या. चुना ओला असताना आडवा थर आत घसरू पाहतो, त्याला या उभ्या विटा धरून ठेवतात. प्रत्येक फेरी पुरी झाली की ती स्वतःच पक्की. म्हणून खालून टेकू लागला नाही.

४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. वाट त्या दोन कवचांच्या मधूनच जाते. वर पोचून शहराचे फोटो काढायला सगळे धावतात, पण तुझं काम मधल्या वाटेतच आहे. भिंत जसजशी आत कलते तसतसं तुझं शरीर बाजूला झुकायला लागतं. इथे थांबून सेक्शनचं एक वेडंवाकडं चित्र काढ, मागचे लोक कुरकुरले तरी एका मिनिटाचं. विटांची ती रचना काही ठिकाणी उघडी दिसते. वाटेत आतल्या बाजूने वासारी आणि झुक्कारी यांनी रंगवलेलं प्रचंड भित्तिचित्र जवळून दिसेल. मला ते फारसं आवडत नाही. घुमट मोकळा पांढरा असता तर बरं झालं असतं असं वाटतं, पण हे माझं मत. तू तुझं बनव.

खाली आल्यावर दुओमोच्या मागच्या बाजूला त्याचं संग्रहालय आहे, ते चुकवू नकोस. उफिझी हे चित्रांचं प्रसिद्ध संग्रहालय चुकलं तरी चालेल, हे नको. लाकडी मॉडेल्स आहेत, बांधकामाची जुनी अवजारं आहेत, दुओमोसमोरच्या बॅप्टिस्टरीचे, म्हणजे बाप्तिस्म्याच्या इमारतीचे, गिबेर्तीने केलेले मूळ सोनेरी दरवाजेही इथेच ठेवलेत. बाहेर ज्याच्यासमोर गर्दी फोटो काढते ती प्रतिकृती आहे.

उफिझीबद्दल थोडं. जायचंच असेल तर दिवसाच्या शेवटी जा आणि आधी ठरवून चारच दालनं बघ. तू युरोपीय संघातल्या विद्यापीठात आर्किटेक्चर शिकतेस, आणि इटलीच्या सरकारी संग्रहालयांत अशा विद्यार्थ्यांना प्रवेश मोफत असतो. त्यासाठी चालू वर्षाचा प्रवेशाचा दाखला लागतो. मिलानच्या कॉलेजच्या ऑफिसमधून तो इटालियनमध्ये छापून घे, नुसतं आयडी कार्ड पुरेलच असं नाही. उफिझी, अकाडेमिया, सान मार्को या सगळ्यांना हा नियम लागू होतो. नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी त्यांच्या संकेतस्थळावर एकदा ताडून बघ. आरक्षणाचे थोडे पैसे वेगळे पडू शकतात. उफिझी आणि अकाडेमिया सोमवारी बंद असतात. दुओमोचा घुमट आणि त्याचं संग्रहालय, सांता क्रोचे, सान लोरेन्झो मात्र सरकारी नाहीत, तिथे तिकीट काढावंच लागेल. तुझे पैसे तिथेच खर्च होऊ देत.

चित्रांचं म्हणशील तर माझा सल्ला असा की चित्रं तुझ्या वाटेने बघ, चित्रकलेच्या विद्यार्थ्याच्या वाटेने नको. सांता मारिया नोव्हेला चर्चमध्ये, स्टेशनच्या समोरच, मासाच्चोचं ‘ट्रिनिटी’ हे भित्तिचित्र आहे, १४२७ च्या आसपासचं. क्रुसावरचा ख्रिस्त आणि मागे एक कमानदार खोली. ती खोली खरी नाही, भिंत सपाट आहे. पण छताचे चौकोन इतक्या नेमक्या हिशेबाने लहान होत गेलेत की खोलीचा प्लॅन काढता येतो. तू तो काढ. छताच्या दूर जात एकमेकींकडे झुकणाऱ्या रेषा मागे ओढत गेलीस की त्या साधारण बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीला, क्रुसाच्या पायथ्याशी एकत्र येतात. खाली एक सांगाडा आहे आणि त्यावर लिहिलंय की तुम्ही आज आहात ते मी होतो, मी आज आहे ते तुम्ही व्हाल. चित्रासमोर उभं राहून काहीच होत नाही म्हणणाऱ्या मुलीने त्याचा प्लॅन अर्धा तास काढत बसून बघावं. काही वाटलं नाही तरी तुझ्याकडे एक चांगली शीट असेल.

दुसरं, सान मार्कोचा मठ. इथे भिक्षूंच्या छोट्या छोट्या खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीत भिंतीवर फ्रा अँजेलिको आणि त्याच्या मदतनिसांनी एकेक चित्र काढलंय. चित्र आणि खिडकी शेजारी शेजारी. संग्रहालयात सोनेरी चौकटीत टांगलेल्या चित्राला जे जमत नाही ते इथे जमतं, कारण चित्र जिथे राहायचं होतं तिथेच आहे. सकाळी लवकर जा.

अकाडेमियातली मायकेलअँजेलोची डेव्हिडची मूर्ती? बघ, पाच मीटरहून उंच आहे, हात मोठे का दिसतात याचा विचार कर. पण त्याच दालनात जाण्याच्या वाटेवर मायकेलअँजेलोचे अर्धवट राहिलेले कैदी आहेत, दगडातून बाहेर यायच्या बेतात असलेले. छिन्नीचे घाव स्पष्ट दिसतात. स्केच करायचं तर त्यांचं कर.

आता तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला मी हे सांगितलं नसतं. ले काशिने या आर्नो नदीकाठच्या लांबलचक बागेच्या शेवटी जा. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडहून परतताना फ्लॉरेन्समध्ये वारले, ३० नोव्हेंबरला. वय वीस. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती. आर्नोला मुन्योने नदी मिळते त्या संगमावर, खास परवानगी काढून, त्यांचे अंत्यसंस्कार झाले. तिथे १८७४ मध्ये छत्री उभी राहिली, त्याखाली त्यांचा अर्धपुतळा आहे, फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा. आणि छत्रीचा आराखडा चार्ल्स मँटचा. तोच मँट, ज्याने पुढे आपला नवा राजवाडा आखला. तू आयुष्यभर ज्या इमारतीवरून जात आलीस तिच्या आर्किटेक्टचं लहानसं आधीचं काम तिथे आर्नोच्या काठी आहे. आपल्याकडचे घाट, छत्र्या, कमानी एका इंग्रज इंजिनिअरला कशा दिसल्या, त्याने परदेशी मातीत त्यातलं काय ठेवलं आणि काय गाळलं, यावर तुला इथे बसून विचार करता येईल. परत कोल्हापूरला आल्यावर राजवाड्याच्या छत्र्या काढ आणि दोन्ही शेजारी ठेव. माझ्या मते तुझ्या वीस स्केचेसमधली ही जोडी दुसऱ्या कुणाकडे नसेल.

शेजारीच एक मोठा केबल-स्टेड, म्हणजे तारांनी तोलून धरलेला पूल आहे, १९७८ मध्ये सुरू झालेला. त्याचं नावच ‘पोन्ते आल्ल इन्दियानो’, या ‘इंडियन’ स्मारकावरून पडलेलं. म्हणजे एकाच ठिकाणी एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाची बांधकामं मिळतात, पंधराव्या शतकाने डोकं भरून गेल्यावर हा बदल बरा वाटतो. ट्राम बागेच्या एका टोकापर्यंत जाते, पुढे बरंच चालावं लागतं. अंधार पडण्यापूर्वी परत फीर, ती बाग रात्री एकटीने फिरायची नाही.

स्केचेसचं थोडक्यात. देखाव्यांच्या मागे लागू नकोस, दुओमोचं पूर्ण चित्र काढायला बसलीस तर पहिल्याच दिवशी हिंमत जाईल. पावलांनी मोजून प्लॅन, एखादा सेक्शन, एखादा कोपरा, बस. पेन वापर, खोडरबर घरी ठेव. बाजूला आकडे लिही. आधी काढ, मग फोटो घे. फोटो आधी घेतलास तर हात चालत नाही. आणि वीस स्केचेस म्हणजे वीस इमारती नव्हेत. एकाच ओवरीची सहा काढलीस तरी सर तक्रार करणार नाहीत, आणि केलीच तर इन्नोचेंतीच्या मोजमापांचा कागद त्यांच्यापुढे ठेव.

पैशांचं : स्टेशनवर आणि मोठ्या चौकात बसून कॉफी पिऊ नकोस, काउंटरवर उभं राहून प्यायलीस तर बरीच स्वस्त पडते. बाटली जवळ ठेव, शहरात पिण्याच्या पाण्याचे सार्वजनिक नळ आहेत. मांस खात नसशील तर रिबोल्लिता माग, शिळा ब्रेड, घेवडा आणि पालेभाजीचं दाट सूप, थंडीत पोट भरतं. मात्र काही जण त्यात मांसाचं पाणी घालतात, तेवढं विचारून घे. वेगवान गाडीचं तिकीट जितक्या उशिरा काढशील तितकं महाग होतं. रीजनल गाडीने गेलीस आणि कागदी तिकीट असलं तर चढण्यापूर्वी फलाटावरच्या मशीनमध्ये त्यावर शिक्का मार, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो.

मैत्रिणींशी आत्ताच स्पष्ट बोल. तिथे पोचल्यावर चौकात उभं राहून बोललीस तर तिघींचाही दिवस खराब होईल. सकाळचा नाश्ता एकत्र, रात्रीचं जेवण एकत्र, संध्याकाळी सान मिनियातोच्या टेकडीवर एकत्र चढा, फोटो तिथून उत्तम येतात आणि अकराव्या शतकातलं ते चर्चही तुला बघायचंच आहे. मधला वेळ ज्याचा त्याचा. त्यांना खरेदीला जाऊ दे, त्यात काही कमीपणा नाही. त्यांच्यापैकी एखादी घुमटावर यायला तयार झाली तर सोबत घे, टेपचं दुसरं टोक धरायला इन्नोचेंतीत माणूस लागणारच आहे.

घुमटासाठी तारीख आणि वेळ ठरवून आधी जागा राखावी लागते आणि त्या लवकर भरतात, तिकीट खिडकीवर ऐनवेळी मिळत नाही. ज्यात घुमटच नाही असंही एक स्वस्त तिकीट असतं, ते चुकून घेऊ नकोस. पत्र वाचून झालं की आधी तेवढं काम उरक.